घण

मी फक्त घण मारायचो.
बाई छत्रीखाली बसून बोट वर करायच्या,
मी लोखंडी तबकडीवर दणका द्यायचो.
कातळाच्या पोटात तो कुठेतरी आपटून
परत यायचा,
बारा तारांतून बाईंच्या यंत्रात उतरायचा.
"पुन्हा," म्हणायच्या.
"मघाशी पलीकडून बैल गेला."

मिठबावला, सडा उतरून खाडीकडे येतो तिथे,
साल पंच्याऐंशी. एका जागी आठ दणके.
यंत्र आठही एकावर एक रचायचं.
खोटं असतं ते आपसात भांडून मरतं,
खरं तेवढं उरतं, असं बाई म्हणायच्या.
मी एकोणीस वर्षांचा. मला वाटलं,
माणसांनाही आठआठदा विचारून बघावं.

डॉ. शरयू तारकर. त्यांचे वडील तांडेल.
शिशाच्या गोळ्याला खालून चरबी फासून
दोरीनं सोडायचे,
चरबीला चिकटून काय वर येतं ते बोटांनी चोळायचे:
वाळू, रेव, की काळा चिखल.
"मी तेच करते," बाई म्हणाल्या, "दोरी तेवढी नाही."

तेल कंपनीत अकरा वर्षं.
पाहणीच्या जहाजावर बाईमाणसाला खोली नव्हती.
जहाज जायचं, बाई धक्क्यावरून परतायच्या.
मग पेट्या भरून चुंबकी फिती यायच्या
आणि तांडेलाची मुलगी, पाऊल ओलं न करता,
समुद्राच्या तळाखाली दीड कोस उतरायची.
पेन्सिलीनं गोल काढायची.
एका गोलात तेल लागलं.
वर्तमानपत्रातल्या फोटोत नऊ पुरुष आणि एक हार.
दुसऱ्यात नुसता खडक निघाला.
त्या अहवालावर सही बाईंचीच होती.

मग विद्यापीठ. खडूनं फळ्यावर लाटा.
पोरं शिकली, वाळवंटांच्या देशांत गेली,
दिवाळीला जाड कागदाची कार्डं पाठवू लागली.
मे महिन्यात बाई गावी, यंत्र घेऊन,
गाडीभाडं पदरचं.

तर त्या वर्षी गावाला बोअर मारायची होती.
धाकू गुरव तळहातावर नारळ आडवा ठेवून चालला,
काजूखाली नारळ उभा राहिला.
बाईंनी घण झाल्यावर चार सळया रोवल्या,
जमिनीत वीज सोडली, काटा बघितला,
वही मिटली.
"वर जांभा, खाली शेडी, त्याखाली काळा दगड.
दगडाच्या भेगांतून खाडी आत आलीय.
इथे गोडं पाणी नाही."
सरपंच हसला. "बाय, खंय तरी असतलाच की."
"नाही," बाई म्हणाल्या. एकदाच.

काजूखाली बोअर मारली.
सत्तर फुटांवर पाणी, गोड,
धाकूला धोतरजोडी, नारळ, बँजो.
पोरं बाईंच्या मागे "कातळबाय" ओरडत गेली,
मीही हसलो असेन त्यात.
मी घण मारलेला, तरी हसलो.

तिसऱ्या उन्हाळ्यात चहा फाटला.
पुढच्या वर्षी माडांची पाती करपली.
बाई मे महिन्यात आल्या,
कोणालाच काही म्हणाल्या नाहीत,
बाटलीत पाणी भरून घेतलं,
बाटलीवर तारीख लिहिली.
मी विचारलं, आनंद नाही झाला?
"कशाचा? मी चार वर्षं म्हणत होते,
माझा काटा चुकला असू दे."

आता बाई एकोणऐंशीच्या. इथेच राहतात.
माझा उजवा खांदा उतरलाय,
त्यांचे दोन्ही कान गेलेत.
कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून
टेबलावर काढून ठेवतात.
काल जाऊन सांगितलं:
बाई, ती बोअर बुजवली.
त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं,
बोट वर केलं.
"पुन्हा."
रस्त्यावरून डंपर जात होता.
तो जाईपर्यंत मी थांबलो.